नभोवाणीवरील संभाषणें : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

१. विषयप्रवेश

इतिहाससाधनांची जी वर्गवारी आपल्याकडे रूढ आहे, तींत ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, अस्सल पत्रें, महजर, करीने, बखरी व शकावल्या यांस आपापलें स्थान मिळालेलें आहे. कागद जुना, मोडी वळणाचा व शिक्कामोर्तबाचा असला म्हणजे तो जपून ठेवावा याविषयीं संग्राहकांत दुमत होत नाहीं. परंतु विसाव्या शतकांत मनुष्याच्या बोलण्यास एक अगदीं नवा मार्ग सांपडला. त्या मार्गानें कायदा, राज्यकारभार, आरोग्य व संस्कृति या विषयांवरील विद्वानांचीं, अधिकाऱ्यांचीं व कधीं कधीं साध्या गांवकऱ्यांचीं संभाषणें असंख्य लोकांनीं घरांत व चावडींत बसून ऐकलीं. त्यांचा बहुतेक भाग उच्चारल्याबरोबर नाहींसा झाला. हा मार्ग म्हणजे नभोवाणी, अर्थात् रेडिओ.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी प्रतिपादन करावयाच्या आहेत. पहिली ही कीं, स्थानिक नभोवाणीवरील संभाषण हें महजर व तकरीर यांच्या जातीचें साधन असून त्याची परीक्षा त्याच नियमांनीं करतां येते. दुसरी ही कीं, या साधनांत वक्त्याच्या भाषणापेक्षां श्रोत्याचें उत्तर अधिक मोलाचें असतें, आणि नेमकें तेंच टिकण्याची तजवीज सर्वांत कमी झालेली आहे. मुख्य उदाहरण म्हणून १९५६ सालीं पुणें केंद्रावरून झालेला एक प्रयोग घेतला आहे. कारण तो आपल्याच पांच जिल्ह्यांतील खेड्यांत घडला व त्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झालेला आहे.

२. बोललेलें टिपून ठेवण्याची परंपरा

मराठी गद्याच्या आरंभींच जो मोठा ग्रंथ उभा आहे, तो लीळाचरित्र, मुळांत संभाषणांचें टिपण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटानें श्रीचक्रधरांच्या लीळा व वचनें नागदेवाचार्यांच्या व इतर प्रत्यक्ष ऐकणारांच्या स्मरणांतून गोळा केलीं. स्मरणांत भेद आढळला तेथें तो भेद लपविला नाहीं, नोंदून ठेवला. पुढें मूळ पोथी धामधुमींत नष्ट झाली तेव्हां अनुयायांनीं पाठांतराच्या बळावर ग्रंथ पुन्हां उभा केला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. म्हणजे बोललेला शब्द पुरावा होऊं शकतो, त्यास साक्षीदार लागतो, व साक्षीदारांचा मतभेद हाहि पुराव्याचाच भाग असतो, हीं तीनहि तत्त्वें आपल्या भाषेंत सातशें वर्षांपूर्वीं अंमलांत आलेलीं होतीं.

दुसरें उदाहरण महजराचें. गोतसभेपुढें वादी व प्रतिवादी आपापली तकरीर देत, पांढरीचे लोक साक्ष देत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहून त्यावर हजर मजालसीचीं नांवें व निशाण्या होत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी या निशाण्या पाहिल्या म्हणजे ज्यांस अक्षरओळख नव्हती अशांचेंहि बोलणें त्या कागदांत उतरलें आहे हें ध्यानांत येतें. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला, तो अशाच कागदांच्या आधारावर. महजराचें मोल त्यांतील निवाड्यापुरतें नाहीं. निवाड्याआधीं कोण काय बोलला हें त्यांत राहिलें, यांत तें अधिक आहे.

यास वेदपठणाचें उदाहरण कोणी आड आणील. लेखनावांचूनहि वेद टिकले असें म्हणेल. परंतु ते आपोआप टिकले नाहींत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची कडक शिस्त पिढ्यान् पिढ्या पाळली गेली, म्हणून श्रुति अविकृत राहिली. नभोवाणीवरील शब्दामागें अशी घोकणाऱ्यांची परंपरा नाहीं. तो लिहून किंवा मुद्रित करून ठेविला तरच राहणार, एरवीं नाहीं.

संभाषणाचे प्रकार ओळखण्यासहि आपलें शास्त्र उपयोगी पडतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्यांच्या परस्पर संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार केले आहेत. एक जाणून घेण्यासाठीं मिळून केलेली चर्चा, दुसरी जिंकण्यासाठीं केलेली. न्यायसूत्रांत वाद, जल्प व वितंडा असा त्रिविध भेद आहे. नभोवाणीवरील संभाषण यांपैकीं कोणत्या प्रकारांत बसतें हें ठरविल्यावांचून त्याचा पुरावा म्हणून उपयोग करूं नये. आरोग्यविषयक प्रश्नोत्तरें बहुधा संधाय संभाषेंत मोडतात. निवडणुकीच्या वेळचें भाषण जल्पाकडे झुकतें. आणि ज्या भाषणास उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नसते, तें संभाषण या संज्ञेसच पात्र नाहीं.

३. नभोवाणीचा पूर्ववृत्तांत

मुंबईंत जून १९२३ मध्यें रेडिओ क्लबानें पहिलें ध्वनिक्षेपण केलें. पुढें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन होऊन तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ता. २३ जुलै १९२७ रोजीं झालें. कंपनी तीन वर्षेंहि तगली नाहीं. १ मार्च १९३० रोजीं ती दिवाळखोरींत निघाली व १ एप्रिलपासून सरकारनें तो कारभार आपल्याकडे घेतला. १९३५ सालीं लायोनेल फील्डन हे मुख्य अधिकारी म्हणून आले, आणि ८ जून १९३६ पासून या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. मराठी मुलखांत यानंतर नागपूरचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं व पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें.

या काळांतील बोलण्याचा मुख्य प्रकार भाषण हा होता. वक्त्यानें भाषण आगाऊ लिहून द्यावें, तें संमत व्हावें, व मग तें ध्वनिक्षेपकापुढें वाचावें, असा शिरस्ता होता. यामुळें संग्राहकाचा एक फायदा झाला: भाषणाचा लेख राहिला. वक्त्यांच्या घरच्या कागदांत अशीं टंकलिखित किंवा हस्तलिखित भाषणें सांपडतात, व त्यांतील कित्येक पुढें निबंधसंग्रहांत छापलीं गेलीं. केव्हां काय बोललें गेलें याचा निर्णय करण्यास १९३५ च्या अखेरीपासून निघूं लागलेलें ‘इंडियन लिसनर’ हें कार्यक्रमपत्र उपयोगी आहे. १९५८ सालीं त्याचें नांव ‘आकाशवाणी’ असें झालें. त्यांत दिवस, वेळ, केंद्र, विषय व वक्ता यांची नोंद मिळते. शकावली हाताशीं असली म्हणजे मित्तीचा घोळ जसा सुटतो, तसाच उपयोग या पत्राचा होतो. तथापि कार्यक्रमपत्र हें योजलेल्याची नोंद आहे, घडलेल्याची नव्हे, हें विसरतां कामा नये. त्याचप्रमाणें लिहून दिलेलें भाषण ही संहिता होय. प्रत्यक्ष उच्चारांत तींत फरक पडला असल्यास तो तींत दिसणार नाहीं.

४. विरोधकानें राखलेला पुरावा

नभोवाणीवरील शब्द कोणाच्या हातून टिकतो याचा एक विलक्षण मासला १९४२ च्या चळवळींत सांपडतो. ऑगस्टअखेर मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत तो चालवीत होते, आणि ता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तो पकडला. पुढें खटला होऊन उषा मेहतांस चार वर्षांची शिक्षा झाली. चालविणारांस आपले कागद सांभाळणें शक्य नव्हतें. कागद म्हणजे त्यांच्याविरुद्ध पुरावा. परंतु सरकारच्या माणसांनीं तीं ध्वनिक्षेपणें रोज ऐकून टिपून घेतलीं होतीं. तीं टिपणें खटल्याच्या कागदपत्रांत राहिलीं, आणि त्यांवरूनच आज त्या रेडिओवर काय बोललें जाई हें सांगतां येतें.

मराठ्यांच्या इतिहासास हा प्रकार अपरिचित नाहीं. पोर्तुगीज व इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतून आपल्या राजकारणाची कितीतरी माहिती मिळाली आहे. अशा साधनाची परीक्षा करतांना दोन प्रश्न विचारावे लागतात: लिहिणाऱ्यास ऐकूं नीट आलें काय, व त्यास फिरवून लिहिण्यांत हेतु होता काय. गुप्त रेडिओच्या टिपणांस दुसऱ्या प्रश्नाची बाधा थोडी आहे. आरोप सिद्ध करण्यासाठीं तंतोतंत टिपणेंच पोलिसांच्या हिताचें होतें. पहिल्या प्रश्नाची बाधा अधिक आहे. कारण लहरींतील खरखर व टिपणाऱ्याचा वेग यांमुळें शब्द गळणें संभवनीय आहे. उलट, ज्या लोकांनीं तीं भाषणें चोरून ऐकलीं, ते ऐकून आपसांत काय बोलले, हें पोलिसांच्या टिपणांत येणें शक्यच नव्हतें. वक्ता राहिला, श्रोता गेला.

५. १९५६ चा पुणें येथील प्रयोग

श्रोत्याचें बोलणें टिपून ठेवण्याचा पहिला मोठा पद्धतशीर यत्न आपल्या प्रांतांत १९५६ सालीं झाला. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं रेडिओमंडळें चालत होतीं. शेजारीपाजारी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, व चर्चेचा सारांश केंद्राकडे पाठवीत. या धर्तीवर युनेस्कोच्या साह्यानें ऑल इंडिया रेडिओनें पुणें केंद्रावरून प्रयोग करावयाचें ठरविलें. मुंबई राज्याचें सरकार त्यांत सहभागी होतें, आणि परिणामांची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोंपविली होती. त्या वेळीं ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे कर्ते जगदीशचंद्र माथुर हे होते. ते व पाउल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ या दोघांच्या नांवें प्रयोगाचा वृत्तांत युनेस्कोनें १९५९ सालीं इंग्रजींत छापला.

प्रयोगाची योजना अशी होती. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांत मिळून सुमारें १५० गांवें निवडलीं. प्रत्येक गांवीं सुमारें वीस माणसांचें एक श्रोतृमंडळ, त्यास एक अध्यक्ष व एक संयोजक. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या अवधींत दहा आठवडे, आठवड्यांतून दोन वेळां, प्रत्येकीं अर्ध्या तासाचा असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत इत्यादि गांवच्या प्रपंचाचे विषय त्यांत होते. कार्यक्रम संपल्यावर मंडळानें चर्चा करावयाची, आणि संयोजकानें तिचा वृत्तांत व उपस्थित झालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे. त्या प्रश्नांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून दिलीं जात. यामुळें नभोवाणी एकमुखी न राहतां दुमुखी झाली. गांवानें विचारावें व केंद्रानें सांगावें असा व्यवहार सुरू झाला.

वाचकांस उत्तर सातारा या नांवाविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. आजच्या सातारा जिल्ह्यास त्या वेळीं हें नांव होतें, आणि १९६० सालीं ज्यास सांगली हें नांव मिळालें तो दक्षिण सातारा. १९५६ च्या कागदांत नुसतें ‘सातारा’ किंवा ‘उ. सा.’ असें लिहिलेलें आढळल्यास गांवाचें स्थान ठरवितांना हें ध्यानांत ठेवावें.

पाहणीची रीत शास्त्रशुद्ध होती. ज्या गांवीं श्रोतृमंडळ होतें तीं गांवें, ज्या गांवीं रेडिओ होता पण मंडळ नव्हतें तीं गांवें, आणि ज्या गांवीं रेडिओहि नव्हता तीं गांवें, अशा तीन वर्गांतील लोकांच्या मुलाखती प्रयोगाआधीं व नंतर घेतल्या. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर ही अन्वय-व्यतिरेकाची पद्धति झाली. निष्कर्ष असा निघाला कीं, मंडळ असलेल्या गांवीं लोकांच्या ज्ञानांत ठळक भर पडली, आणि मंडळ नसलेल्या गांवीं ती नांवापुरतीच होती. म्हणजे निव्वळ श्रवण पुरेसें नव्हतें. श्रवणानंतर मनन, व तेंहि चारचौघांत बसून केलेलें, झालें तेथेंच फळ दिसलें. कित्येक मंडळें चर्चेवर थांबलीं नाहींत. विहिरी खणणें, चांगल्या जातीचे वळू व लेगहॉर्न कोंबड्या आणणें, बालवाडी काढणें असे निर्णय त्यांनीं केले. या प्रयोगाच्या अनुभवावर पुढें १९५९ पासून अशीं मंडळें देशभर काढण्यांत आलीं.

आतां संयोजकानें लिहिलेल्या वृत्तांताची तुलना महजराशीं करून पाहूं. दोहोंत स्थळ व दिवस असतो, दोहोंत जमलेले लोक असतात, दोहोंत एक विषय पुढें ठेवला जाऊन त्यावर निरनिराळ्या माणसांचें म्हणणें येतें, व शेवटीं ठराव किंवा मतभेद नोंदला जातो. भेदहि स्पष्ट आहेत. महजराचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असे; श्रोतृमंडळाचा ठराव कोणावर बंधनकारक नव्हता. महजर वाद उत्पन्न झाल्यावर होई. श्रोतृमंडळापुढचा विषय केंद्राकडून येई. तथापि गांवांतील सामान्य माणूस सार्वजनिक गोष्टीविषयीं काय बोलला हें सांगणारा, त्याच गांवीं, त्याच वेळीं, जवळ बसलेल्या मनुष्यानें लिहिलेला कागद, या कसोटीस दोन्ही सारखे उतरतात. समकालीनत्व व समीपत्व हे अस्सल कागदाचे जे दोन गुण आपण मानतों, ते या वृत्तांतांत आहेत.

येथेंच उणीवहि सांगितली पाहिजे. छापलेला वृत्तांत इंग्रजींत आहे. गांवकरी मराठींत बोलले, आणि तें मराठीहि पांच जिल्ह्यांचें, म्हणजे नाशिककडचें व कोल्हापूरकडचें एक नव्हे. इंग्रजी सारांशांत अर्थ राहिला, पण शब्द गेला. खत, कूळ, पाटपाणी, देवी टोंचणें, पंचायत या गोष्टींविषयीं १९५६ सालीं खेड्यांतील माणूस कोणत्या शब्दांत बोले, नवा सरकारी शब्द त्यानें घेतला कीं जुनाच चालविला, हें पाहावयाचें असेल तर संयोजकाच्या हातची वहीच पाहिजे. मूळ मोडी पत्र व त्याचा इंग्रज रेसिडेंटाच्या दफ्तरांतील तर्जुमा यांत जें अंतर, तेंच येथें आहे. तर्जुम्यावर भागवावें लागतें तेव्हां आपण भागवितों, परंतु अस्सलाचा शोध सोडीत नाहीं.

६. जें बोललें गेलें नाहीं

साधनपरीक्षेंत मौनाचाहि विचार करावा लागतो. ता. १६ जानेवारी १९५६ रोजीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीं मुंबई शहर केंद्रशासित राहील हा निर्णय नभोवाणीवरूनच जाहीर केला. त्यानंतर मुंबईंत जो क्षोभ उसळला, जे गोळीबार झाले व जीं माणसें मेलीं, तें सर्वश्रुत आहे. त्या घोषणेनंतर अवघ्या महिनाभरांत पुणें केंद्रावरून श्रोतृमंडळांचे कार्यक्रम सुरू झाले. प्रयोगाचे विषय ग्रामसुधारणेचे असल्यामुळें प्रांतरचनेचा वाद त्यांत नव्हता. त्याच वर्षीं मुंबई राज्याच्या कुळकायद्यांत मोठी दुरुस्ती अंमलांत येत होती, आणि तिच्या अन्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. अशा समयीं वीस गांवकरी दर आठवड्यास दोनदां एका ठिकाणीं बसत होते.

चर्चा ठरलेल्या विषयावर झाली कीं ती जमिनीच्या हक्काकडे व संयुक्त महाराष्ट्राकडे वळली, हा प्रश्न इतिहासकारास विचारावासा वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर केंद्राच्या कार्यक्रमपत्रांत मिळणें शक्य नाहीं. तें गांवच्या वहींतच मिळूं शकेल. संयोजकानें विषयांतर म्हणून एखादी ओळ लिहिली असेल, किंवा लिहून खोडली असेल. खोडलेली ओळहि संशोधकास कामाची असते, हें ज्यांनीं जुनीं दफ्तरें चाळलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

एकंदरींत राजकीय विषयावर नभोवाणी दीर्घकाळ सावध राहिली. राजकीय पक्षांस निवडणुकीच्या प्रचाराचीं भाषणें सरकारी नभोवाणीवरून करण्यास प्रथम संधि मिळाली ती १९७७ च्या लोकसभा निवडणुकींत. त्यापूर्वींच्या काळांतील संभाषणांत राजकारण आढळलें नाहीं, तर लोकांस त्याविषयीं आस्था नव्हती असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तें त्या साधनाचें बंधन आहे, लोकांचा स्वभाव नव्हे.

७. विद्यमान स्थिति

ता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. डिसेंबर २००२ मध्यें शिक्षणसंस्थांस, व नोव्हेंबर २००६ च्या धोरणान्वयें लोकसेवी संस्थांसहि, स्वतःचें छोटें नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. पुणें विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ सालीं सुरू झाली. सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें माणदेशी फौंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ सालीं निघाली. १९५६ सालच्या प्रयोगांतील उत्तर सातारा जिल्हा तो हाच. जेथें पूर्वीं पुण्याहून आवाज येई, तेथें आतां माण तालुक्यांतील माणसांचाच आवाज माण तालुक्यांत ऐकूं येतो. अशा केंद्राची पोंच सामान्यतः पांच ते दहा किलोमीटर असते, म्हणजे एका मोठ्या कसब्याभोंवतालच्या वाड्यावस्त्यांइतकी. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें झाले पाहिजेत, असें धोरणांतच म्हटलें आहे. प्रसूति, पाणी, कर्ज, वारसाहक्क, ओव्या, यात्रा अशा विषयांवर प्रत्यक्ष गांवकरी आपल्या बोलींत बोलतात, तो आवाज अशा केंद्रांतून उमटतो.

परंतु याच धोरणांत इतिहासाच्या दृष्टीनें दोन कलमें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, बातम्या, चालू घडामोडी व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करूं नयेत. म्हणजे जुनें मौन नव्या केंद्रांतहि आलें. दुसरें असें कीं, प्रत्येक कार्यक्रम प्रक्षेपणाच्या दिवसापासून तीन महिने जपून ठेवावा. हें कलम तक्रारींच्या चौकशीसाठीं आहे, इतिहासासाठीं नाहीं. तीन महिन्यांनंतर तो पुसण्यास केंद्रास मोकळीक आहे. पेशवे दफ्तराच्या कारकुनास तीन महिन्यांनीं रुमाल जाळण्याची मुभा असती, तर आपण आज काय वाचलें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल कीं, हें सर्व फार अलीकडचें व फार सामान्य आहे. यास उत्तर हें कीं, इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला, त्या वेळीं ज्यांच्या माळ्यावर तीं दफ्तरें पडलीं होतीं, त्यांसहि तीं सामान्यच वाटत होतीं. कागदाचें मोल ठरण्याआधीं तो नष्ट होतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. आणि ध्वनिफितीचें आयुष्य हातकागदाच्या मानानें फारच तोकडें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, बोललेला शब्द उथळ असतो, मनुष्य बोलतांना अतिशयोक्ति करतो. हें खरें आहे. परंतु तकरीर देणारा वादीहि अतिशयोक्ति करीतच असे. म्हणून आपण तकरिरी टाकून दिल्या नाहींत. त्यांस प्रतिवादीची तकरीर, साक्षी व भोगवटा यांच्या शेजारीं ठेवून वाचावयास शिकलों.

९. संग्राहकांस विनंति

यावरून संग्राहकांनीं काय करावें तें थोडक्यांत मांडतों.

(अ) १९५६ च्या व त्यापुढील श्रोतृमंडळांच्या वह्या, हजेरीपट, केंद्राशीं झालेला पत्रव्यवहार यांचा तपास करावा. वर सांगितलेल्या जिल्ह्यांत ज्या घराण्यांतील कोणी मंडळाचे अध्यक्ष किंवा संयोजक होते, त्यांच्या घरच्या ट्रंका, शाळांचीं जुनीं कपाटें व ग्रामपंचायतींचीं दफ्तरें हीं ठिकाणें प्रथम पाहावींत. शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एवढें माहीत आहे कीं, शाळेच्या कपाटांतील तळची वही कोणी सहसा फेंकून देत नाहीं, आणि रंगकामाच्या वेळीं मात्र सर्व कपाट एकदम रिकामें होतें.

(आ) वक्त्यांच्या भाषणांच्या मूळ प्रती जमवाव्या व त्यांवरील खोडाखोड, वेळेची नोंद व संमतीचे शेरे यांसह जशाच्या तशा ठेवाव्या. छापील निबंधाहून त्या भिन्न असूं शकतात.

(इ) १९६३ नंतर कॅसेट निघाल्यावर घरोघर लोकांनीं आवडते कार्यक्रम मुद्रित करून ठेवले. अशी कॅसेट म्हणजे एक प्रत होय. केंद्रांतील मूळ मुद्रण नसेल तर तीच आधार. दोन घरांच्या प्रती मिळाल्यास, पोथ्यांप्रमाणेंच, त्यांचा पाठ ताडून पाहावा.

(ई) ध्वनिफिती उष्मा, दमटपणा व लोहचुंबक यांपासून दूर, उभ्या ठेवाव्या. चिकटलेली फीत यंत्रावर चढवूं नये, जाणत्याकडे द्यावी. मूळ फीत प्रतिलिपि झाल्यावरहि टाकूं नये.

(उ) प्रत्येक वस्तूबरोबर एक टिपण असावें: केंद्र, इसवी सनाचा दिवस, वेळ, विषय, बोलणारे, कोणत्या गांवीं ऐकलें, वस्तु कोणाकडून व केव्हां मिळाली. बोलणारा साधा गांवकरी असल्यास त्याची किंवा वारसांची संमति घेतल्यावांचून ती प्रसिद्ध करूं नये, विशेषतः आरोग्यविषयक संभाषण. महजरांतील माणसें कालवश होऊन दोनतीनशें वर्षें झालीं. हीं माणसें अजून हयात असतील.

(ऊ) आपल्या तालुक्यांत नभोवाणी केंद्र असेल तर त्याच्या चालकांस भेटून, तीन महिन्यांनीं पुसले जाणारे कार्यक्रम वर्षांतून कांहीं दिवसांपुरते तरी राखून ठेवण्याची विनंति करावी, व त्यांची प्रत एखाद्या ग्रंथालयांत किंवा संशोधनसंस्थेंत ठेवण्याची तजवीज करावी. सर्व राखणें अशक्य आहे. पण सालोसाल ठरावीक दिवसांचें दफ्तर राहिलें, तर पुढील अभ्यासकास गांवचें बोलणें कसें बदलत गेलें तें दिसेल.

ज्या वाचकांच्या संग्रहीं अथवा पाहण्यांत असे कागद किंवा फिती असतील, त्यांनीं त्यांची यादी करून या त्रैमासिकाच्या चालकांकडे पाठवावी. यादींत एका गांवच्या एका वहीची नोंद आली, तरी ती छापण्याच्या योग्यतेची समजावी.